होलीहेडची वाट कुठे अडते?

वेल्समधल्या होलीहेड बंदरातून निघालेली फेरी साधारण सव्वातीन तासांत डब्लिनला पोचते. खरी कसोटी त्याआधीची: लंडनहून बंदर गाठताना पाणी दोनदा आडवे येते. होलीहेड आहे होली बेटावर, ते अँगल्सी बेटाला खेटून, आणि अँगल्सी मेनाई सामुद्रधुनीपलीकडे.

होली बेटाजवळचे पाणी उथळ. तिथे अभियंता टॉमस टेलफर्डने 1823 मध्ये भराव घालून रस्ता नेला. पुढे त्यावरूनच रेल्वे गेली.

मेनाई मात्र खोल, प्रवाह वेगवान. शिडाची उंच जहाजे जाण्यासाठी पुलाखाली सुमारे 30 मीटर मोकळी उंची हवी, अशी नौदलाची अट. म्हणून टेलफर्डने 1826 मध्ये साखळ्यांवर तोललेला, 176 मीटर गाळ्याचा झुलता पूल उभारला. आगगाडीच्या वजनाखाली असा पूल लवतो, म्हणून रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनने 1850 च्या ब्रिटानिया पुलासाठी घडीव लोखंडाच्या प्रचंड चौकोनी नळ्या वापरल्या. गाडी नळीच्या आतून धावे. नळ्या काठावर जोडून, भरतीच्या पाण्यावर तराफ्यांनी तरंगत आणून, पाण्याच्या दाबयंत्राने वर चढवल्या. नळी वर सरकेल तसा खालून आधार भरत जायचा, हा स्टीफन्सनचा आग्रह होता. दाबयंत्र फुटले तेव्हा नळी काही इंचच खाली आली, ती या आधारामुळेच.

1970 मध्ये डांबर लावलेल्या लाकडी छपराने पेट घेतला आणि उष्णतेने नळ्या लवल्या. शिडाच्या जहाजांचा काळ सरला होता, त्यामुळे आता खालून पोलादी कमानी देता आल्या. 1980 मध्ये रेल्वेच्या डोक्यावर रस्ता आला. पण दोन्ही बाजूंना दुपदरी असलेला ए-55 महामार्ग या पुलावर एकेका पदरावर येतो. जोराच्या वाऱ्यात उंच ट्रक अडवावे लागतात. ऑक्टोबर 2022 मध्ये झुलत्या पुलाच्या उभ्या सळ्या धोकादायक ठरल्याने तो बंद झाला, तेव्हा अँगल्सीची सगळी वाहतूक ब्रिटानियावरच आली.

बंदराला आसरा देतो तो 1873 मध्ये पूर्ण झालेला, सुमारे 2.7 किलोमीटरचा लाटरोधक बांध, ब्रिटनमधला सर्वांत लांब. दगडांच्या ढिगावर उभी असलेली ही भिंत लाटा झेलते, वारा नव्हे. आजच्या फेऱ्यांच्या उंच बाजूंवर वारा शिडासारखा भरतो. डिसेंबर 2024 च्या डॅरा वादळात एका धक्क्याचे नुकसान झाले आणि ऐन नाताळात बंदर बंद पडले. मालाचे ट्रक फिशगार्ड, पेम्ब्रोक, लिव्हरपूल या बंदरांकडे वळवावे लागले. 16 जानेवारी 2025 ला टर्मिनल 5 हा धक्का पुन्हा सुरू झाला. नुकसान झालेल्या टर्मिनल 3 साठी जुलै उजाडला.