भिडू शेजारी हवा: जुन्या आर्केडमागची गोष्ट

चार मित्र जुन्या व्हिडिओ गेमच्या आर्केडमध्ये शिरले की पाचेक मिनिटांत एक जण कुठल्याशा मशीनसमोर थबकतो. "अरे, हा अजून चालू आहे!" म्हणत जॉयस्टिकला हात घालतो आणि बाकीचे तिघं त्याच्या खांद्यावरून डोकावू लागतात. "डावीकडे, डावीकडे!" असा ओरडा सुरू होतो. हात एकाचेच असतात, पण डाव चौघांचा असतो.

यातले बहुतेक खेळ आज घरबसल्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर खेळता येतात. तरी माणसं वाट वाकडी करून, मित्रांची वेळ जुळवून तिथे जातात. याला नुसतं आठवणींचं वेड म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण हे खेळ आले तेव्हा जन्मलेही नव्हते असे कितीतरी जण त्या गर्दीत असतात. सोबत या मशिनांच्या घडणीतच आहे, आणि ती कशी आली हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

व्हिडिओ गेमच्या आधी नाणं टाकून खेळायची पिनबॉलची मशिनं होती. उतरत्या पाटावर गोळी सोडायची आणि ती कुठे आदळते ते बघायचं. १९४७ मध्ये त्यांना बटणावर हलणारे फ्लिपर, म्हणजे गोळी परत वर ढकलणाऱ्या छोट्या पट्ट्या, मिळाले आणि निव्वळ नशिबाच्या खेळात हाताच्या कौशल्याला वाव आला. पण पिनबॉल म्हणजे जुगार, हा शिक्का पुसायला बराच काळ गेला. न्यूयॉर्क शहरात १९४२ साली आलेली बंदी थेट १९७६ मध्ये उठली.

पडद्यावरच्या खेळाचं मूळ मात्र विद्यापीठांत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' तयार झाला. दोन यानं, मधे एक तारा आणि समोरासमोरची झुंज. तो खेळायला दोन माणसं लागत. त्यावरूनच १९७१ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाण्यावर चालणारं मशीन बनवलं, पण ते एकट्याने खेळायचं होतं. सूचना लांबलचक, बटणं गोंधळात टाकणारी. त्याला प्रतिसाद बेताचाच मिळाला.

पुढच्याच वर्षी दोघांनी अटारी कंपनी काढली. नवा इंजिनिअर अॅलन अल्कॉर्न याला हात बसावा म्हणून एक सोपं काम दिलं, आणि त्यातून 'पाँग' जन्माला आला. दोन फळ्या, एक ठिपका, मधे तुटक रेघ. चेंडू चुकवू नका म्हणजे गुण वाढतील, एवढं वाचलं की खेळ कळला. पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये ठेवलं होतं. काही दिवसांत ते बिघडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन उघडलं तर नाण्यांचा डबा ओसंडून वाहत होता!

हा किस्सा इतक्यांदा सांगितला जातो की त्यातली महत्त्वाची गोष्ट मागे पडते. 'पाँग'मध्ये एकट्याने खेळायची सोयच नव्हती. समोर मशीन नाही, माणूस हवा. फळ्या हलवायच्या दोन गोल खुंट्या शेजारी शेजारी, म्हणजे कोपराला कोपर लागणारच. आर्केडमधला पहिला मोठा यशस्वी खेळ भिडूशिवाय सुरूच होत नव्हता, आणि मला वाटतं पुढची सगळी दिशा तिथेच ठरली.

१९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो जवळजवळ एकहाती घडवला. परग्रहावरच्यांच्या रांगा डावी-उजवीकडे सरकत खाली येतात आणि मागे चार सुरांचा ठेका धडधडत राहतो. जितके शत्रू मारावेत तितके उरलेले वेगाने धावतात. याचं कारण मोठं गमतीचं आहे. त्या काळच्या प्रोसेसरला पडदाभर आकृत्या हलवताना दम लागे. आकृत्या कमी झाल्या की त्याचं ओझं हलकं होई आणि उरलेल्या आपोआप पळू लागत. निशिकादोंनी ही त्रुटी खेळातच मुरवली. शेवटचा एकटा उरलेला शत्रू सुसाट पळत असताना मागे उभ्या मित्रांचे श्वास का अडकतात, त्याचं मूळ हे असं त्या प्रोसेसरच्या दमछाकीत आहे.

याच खेळाने सर्वाधिक गुणांचा आकडा पडद्यावर टिकवून ठेवला. १९७९ च्या 'अॅस्टरॉइड्स'मध्ये त्या आकड्याशेजारी आपल्या नावाची तीन अक्षरं कोरता येऊ लागली. तीनच अक्षरं! पण आता तिथे हजर नसलेल्या माणसाशीही सामना होऊ लागला. दुपारी कुणी तरी अक्षरं टाकून गेलं आणि संध्याकाळी दुसऱ्याला ती खाली ढकलल्याशिवाय घरी जाववेना.

१९८० चा 'पॅक-मॅन' नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांचा. गेम सेंटर म्हणजे मुलग्यांचा अड्डा, हे त्यांना बदलायचं होतं. मुली याव्यात, जोडपी यावीत म्हणून मारामारी नसलेला, खाण्याचा खेळ त्यांनी रचला. ठिपके खात फिरणाऱ्या पॅक-मॅनच्या मागे लागणाऱ्या चार भुतांना चार स्वभाव आहेत. एक सरळ पाठलाग करतं, दुसरं पुढून वाट अडवायला बघतं, तिसऱ्याचा नेम सहज ओळखता येत नाही आणि चौथं जवळ येऊन परत फिरतं. भुतं नेमाने वागतात, म्हणजे तेच वळण त्याच क्षणी घेतलं की तीही तशीच येतात. त्यामुळे सुरक्षित वाटा पाठ करता येत आणि पाठ झालेली वाट मित्राला सांगता येई. २५६ व्या पातळीवर मात्र अर्धा पडदा विस्कटतो, कारण पातळी मोजणाऱ्या आकड्याची जागाच तिथे संपते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सोबतीचा अर्थ बदलला. आतापर्यंत मित्र हा बहुधा प्रतिस्पर्धी किंवा आळीपाळीने खेळणारा. १९८५ च्या 'गाँटलेट'ने चौघांना एकाच वेळी एकाच भूलभुलैयात सोडलं. योद्धा, वीरांगना, जादूगार आणि बाणधारी एल्फ. डाव चालू असताना कुणीही नाणं टाकून मधेच सामील होऊ शके. प्रत्येकाची शक्ती क्षणाक्षणाला घटत असते, वाटेत सापडेल ते खाऊनच ती भरते, आणि कुणाला आता खायची निकड आहे ते मशीन मोठ्या आवाजात जाहीर करतं. ते ऐकूनही एखादा धावत जाऊन दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतो, तेव्हा चौघांत उडणारी खडाजंगी ऐकण्यासारखी असते. बाजूबाजूला उभं असल्याशिवाय त्या भांडणाला मजा नाही.

त्याहून मला जवळचा वाटतो तो १९८६ चा 'बबल बॉबल'. फुकियो मित्सुजी यांच्या या खेळात दोन छोटे ड्रॅगन फुगे सोडून शत्रूंना कोंडतात. शंभर पातळ्या आहेत. त्या एकट्याने पार केल्या तर हा खरा शेवट नव्हे असं खेळच बजावतो आणि मित्राला विसरू नकोस म्हणून परत पाठवतो. खऱ्या शेवटासाठी शंभरावी पातळी दोघांनी मिळून जिंकावी लागते. भिडूची गरज इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

१९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आला आणि पुन्हा सरळ सामना सुरू झाला. एका ठोशात दुसरा ठोसा गुंफता येतो हे निर्मात्यांनी ठरवून केलेलं नव्हतं. लक्षात आल्यावर त्यांनी ते राहू दिलं आणि त्यातून मारामारीच्या खेळांची नवी भाषाच तयार झाली. याच सुमारास एक रीत सर्रास दिसू लागली. पाळी हवी असेल तर काचेच्या कडेला आपलं नाणं लावून ठेवायचं. नाण्यांची रांग हीच माणसांची रांग. हरलेला बाजूला होतो, पुढचं नाणं आत जातं. कुणी देखरेख करत नसतानाही हा नियम बहुधा पाळला जाई.

नव्वदच्या दशकात घरी टीव्हीला जोडून खेळायची कन्सोल मशिनं आर्केडच्या तोडीस तोड दिसू लागली, पाठोपाठ इंटरनेटवरचे सामने आले, आणि एकेक आर्केड बंद पडत गेलं. गाडीत बसून शर्यत लावायची किंवा पायांनी नाचायची, अशी घरात न मावणारी मशिनं त्यातल्या त्यात तगली.

पुनरुज्जीवन दोन वाटांनी झालं. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' ही प्रणाली खुली केली. जुन्या मशिनांचे प्रोग्रॅम आधुनिक कॉम्प्युटरवर चालवून त्यांचं जतन करणं, हा तिचा हेतू. दुसरीकडे संग्राहकांनी प्रत्यक्ष मशिनं वाचवली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या 'फनस्पॉट'मध्ये त्यांचं संग्रहालय उभं राहिलं, तर शिकागोजवळच्या 'गॅलपिंग घोस्ट'ने २०१० पासून एकदा प्रवेशमूल्य भरून दिवसभर हवं तितकं खेळायची पद्धत ठेवली. या पद्धतीने नवखा माणूस बिनधास्त होतो, हे खरं. पण शेवटच्या नाण्यावर खेळताना मनगटात येणारा ताण तिने काढून घेतला, याची मला थोडी हळहळ वाटते.

ही मशिनं चालू ठेवणं सोपं नाही. काचेच्या पिक्चर ट्यूब बनवणं थांबल्यात जमा आहे. कपॅसिटर, म्हणजे आतले वीज साठवणारे छोटे भाग, सुकतात आणि चित्र थरथरू लागतं. 'स्ट्रीट फायटर २' काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या नव्वदच्या दशकातल्या काही सर्किट बोर्डांवर एक बॅटरी आहे, ती संपली की खेळ उघडायची किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. सोल्डरिंगची बंदूक घेऊन, मशीनच्या पोटात टॉर्च धरून बसणारी माणसं आहेत म्हणून आपल्याला समोर बटण दाबता येतं.

'अॅस्टरॉइड्स'च्या मूळ मशीनला वीज गेल्यावर काही आठवत नाही. रात्री बंद करताना तीन-तीन अक्षरांची ती यादी पुसली जाते. म्हणून आर्केड मिटायच्या वेळी, दिवे मालवायला सुरुवात झालेली असताना, सगळ्यात वर ज्याची अक्षरं आहेत त्याला मित्र हाताला धरून पुन्हा त्या मशीनसमोर नेतात, आणि सगळे मिळून एकदा यादी बघून घेतात.