अंड्याचे 50 डबे आणि हळदीचा कागद

अमेरिकेत 1906 साली प्युअर फूड अँड ड्रग ॲक्ट पास झाला, 1907 पासून लागू झाला, आणि त्यातली मला सगळ्यात जबरदस्त वाटणारी गोष्ट म्हणजे सरकार खराब माल थेट जप्त करायचं आणि कोर्टात केस चक्क मालावरच लागायची. आरोपी कोण, तर पिंपं, पोती, डबे. कोका-कोलाच्या गाजलेल्या केसमध्येसुद्धा आरोपी म्हणून 40 मोठी आणि 20 छोटी पिंपंच होती.

पण खरी महत्त्वाची केस अंड्यांची. सेंट लुईसच्या हिपोलाइट एग कंपनीची फोडून डब्यात भरलेली अंडी दुसऱ्या राज्यात, इलिनॉयमधल्या पिओरियाला बेकरीवाल्यांकडे गेली आणि तिथे 50 डबे सरकारने उचलले, कारण अंडी टिकावीत म्हणून त्यात बोरिक ॲसिड घातलं होतं. म्हणजे आपण कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर! ती जंतूंची वाढ रोखते हे खरं, पण पोटात गेलेलं बोरिक शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, रोज खाल्लं तर साठत जातं. सरकारी केमिस्ट हार्वे वायली यांनी 1902 पासून, स्वतःहून तयार झालेल्या तरुणांना जेवणातून बोरॅक्स (बोरिकचाच क्षार) देऊन बघितलं होतं, तर त्यांची भूक मेली, डोकं दुखायला लागलं, पोट बिघडलं.

आता अन्नात बोरिक आहे हे ओळखायचं कसं, तर हळदीने. हळदीत भिजवून वाळवलेला कागद घ्यायचा, नमुन्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून त्यात बुडवायचा आणि परत वाळवायचा. बोरिक असेल तर कागद लाल होतो. चुन्यानेही हळद लाल होते, कुंकू तसंच करतात, पण तो लाल रंग ॲसिड पडलं की परत पिवळा होतो, बोरिकचा मात्र ॲसिडमध्येच चढतो, आणि वर अमोनिया लावला की हिरवट काळा पडतो. इतकी साधी टेस्ट, पण पक्की.

कंपनीचं म्हणणं होतं की माल पोचला, आता बेकरीवाला तो विकणार नाही, स्वतःच वापरणार, मग दोन राज्यांमधला व्यापार संपला आणि केंद्र सरकारचा संबंधही संपला. सुप्रीम कोर्टाने 1911 मध्ये हे साफ फेटाळलं, असा माल जिथे सापडेल तिथे पकडता येतो म्हणाले. माझ्या मते हाच निकाल बरोबर होता, कारण एकदा ती अंडी केकच्या पिठात फेटली की जप्त काय करणार?