एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू : व्हायरसपासून जपायचे कसे?

टॅलीसाठी विंडोज आणि कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगसाठी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), अशी ड्युअल बूट जोडणी करून घेणाऱ्या बहुतेकांना वाटते की उबुंटूला व्हायरस लागत नाही, म्हणजे निम्मा लॅपटॉप तरी सुरक्षित. पण हार्डडिस्क एकच असते आणि उबुंटू चालू असताना विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद असतो. तेव्हा डी ड्राइव्हवर उतरवलेली फाइल तपासली जाते ती थेट विंडोजमध्ये उघडताना. महिनाभर उबुंटूच वापरले असेल, तर तोवर डिफेंडरही महिनाभर जुना झालेला असतो. म्हणून विंडोजमध्ये परतल्यावर आधी अपडेट, मग बाकीचे काम.

आपल्याकडे सर्वाधिक त्रास पेनड्राइव्हचा. झेरॉक्सचे दुकान, ई-सेवा केंद्र, कॉलेजची लॅब असा फिरून आला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. असा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडू नका. उबुंटूत लावा, मूळ फोल्डर सहसा तिथे दिसतात. फक्त पीडीएफ, फोटो आणि कागदपत्रे उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये घ्या, डी ड्राइव्हवर नको. डॉट एलएनके, डॉट व्हीबीएस, डॉट ईएक्सई असे शेपूट असलेले काहीही उचलू नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा.

उबुंटूतून क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसने विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा भाग) तपासता येते, पण त्याला फक्त यादी करू द्या. आपोआप डिलीट चालू ठेवले आणि विंडोजची एखादी सिस्टीम फाइल गेली, तर विंडोज सुरूच होणार नाही. साफसफाई डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनने, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या तपासणीने करावी.

विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ मात्र बंदच हवे. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेले राहते, आणि उबुंटूला सी ड्राइव्ह नुसता वाचता येतो किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. टिक फिकी दिसली तर आधी वरची निळी ओळ दाबा.

क्रॅक विंडोज किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (विंडोज फुकटात चालू करून देणारा प्रोग्रॅम) आम्ही दुरुस्तीवाले टाकून देत नाही. तो चालवायला आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जुन्या लॅपटॉपवर तेच असेल, तर बँक आणि यूपीआयची कामे उबुंटूत करा. दोन्हींकडचा महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती काढून ठेवा. खंडणीखोर व्हायरस लागला तर जोडलेली डिस्कही वाचत नाही.

सी ड्राइव्ह फॉरमॅट केला म्हणजे सगळे व्हायरस गेले असेही नाही. सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींचे ईएफआय नावाचे काहीशे एमबींचे छोटे पार्टिशन दोन्ही सिस्टीमचे सामाईक असते, ते तसेच राहते. 2023 मध्ये उघड झालेला ब्लॅकलोटस हा व्हायरस तिथेच घर करतो. त्या पार्टिशनला स्वतः हात लावू नका, दोन्ही सिस्टीम बंद पडतील. लॅपटॉप सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सिस्टीमच चालू देणारे सिक्युअर बूट चालू ठेवा. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने अनेकांचे लिनक्स अडले, तेव्हा काहींनी सिक्युअर बूट बंद केले आणि तसेच ठेवले. उबुंटू पूर्ण अपडेट करून ते परत चालू करा.

विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर तो व्हायरस नव्हे. दोन सिस्टीम वेळ वेगळ्या पद्धतीने नोंदवतात, एवढेच.

दुरुस्तीला येताना बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) 48 अंकी रिकव्हरी की सोबत आणा. सिक्युअर बूट बदलले की विंडोज ती मागते, आणि ती नसेल तर डेटा आम्हालाही काढता येत नाही.