तुर्की–जर्मन गृहपाक

तुर्कस्तानातून जर्मनीत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत आनातोलियातील (तुर्कस्तानच्या आशियातील भागातील) घरगुती पाककृती आणि जर्मनीच्या निरनिराळ्या प्रदेशांतील अन्न यांच्या मेळातून घडलेली पाकपद्धती. उपाहारगृहांतील व रस्त्यावरील ‘तुर्की’ पदार्थांशी तिचा संबंध सामान्यतः समजला जातो त्यापेक्षा दूरचा असल्याने त्यांचा उल्लेख येथे प्रसंगोपात्तच केला आहे.

पश्चिम जर्मनीने कामगारभरतीचे करार इटलीशी १९५५ मध्ये, स्पेन व ग्रीसशी १९६० मध्ये आणि तुर्कस्तानशी ३० ऑक्टोबर १९६१ रोजी केले. आरंभीचे कामगार, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही, बहुधा कारखान्यांच्या वसतिगृहांत राहत आणि सामाईक चुलीवर रांधत. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबविण्यात आली. परंतु मायदेशी गेल्यास परत येता येणार नाही, या जाणिवेने अनेकांनी कुटुंबांनाच जर्मनीत आणले. या पाकपद्धतीचा आरंभ १९६१ मध्ये धरण्याचा प्रघात असला, तरी घर, चूल आणि दोन पिढ्या एकत्र आल्याखेरीज गृहपाक संभवत नाही, हे लक्षात घेता १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध हाच तिचा खरा आरंभकाळ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. पूर्व जर्मनीने तुर्कस्तानशी असा करार केला नव्हता; त्यामुळे ही पद्धती मुख्यतः पश्चिमेकडील राज्यांत व पश्चिम बर्लिनमध्ये वाढली.

कोणत्या गावचे लोक जर्मनीच्या कोणत्या भागात गेले, यावर मिश्रणाचे स्वरूप अवलंबून राहिले. काळ्या समुद्राकाठच्या झोंगुलडाकच्या कोळसाखाणींतील कामगार रूर खोऱ्यातील खाणींत आले. कोलोनमधील फोर्ड व श्टुटगार्ट परिसरातील मोटारउद्योग यांनी आनातोलियाच्या अनेक भागांतून माणसे घेतली. म्हणून एकच एक तुर्की–जर्मन स्वयंपाक असा नाही. मध्य आनातोलियातील कायसेरीकडील कुटुंब श्वाबियात (श्टुटगार्टभोवतालच्या प्रदेशात) आणि काळ्या समुद्राकाठच्या त्राब्झोनकडील कुटुंब उत्तरेकडील ब्रेमेनमध्ये वसले, तर दोन्ही घरांतील जेवणात साम्य कमीच आढळते.

पहिला प्रश्न जिन्नसांचा होता. बुल्गुर (उकडून, वाळवून भरडलेला गहू), वांगी, तांबड्या मिरचीचा आटवलेला लगदा म्हणजे साल्चा, आंबवून वाळविलेल्या दही-पिठाचे तार्हाना हे जिन्नस आरंभी सहज मिळत नसत आणि उन्हाळी सुटीत गावाहून परतताना मोटारीतून आणले जात. डुकराची चरबी पावात व भाजणीच्या पदार्थांतही असू शकत असल्याने विकतचे बेकरीपदार्थ संशयाने पाहिले जात. बधिर न करता पशुवध करण्यास जर्मन कायद्याने सामान्यतः मनाई आहे. एका तुर्की खाटकाच्या प्रकरणात संघीय संविधान न्यायालयाने १५ जानेवारी २००२ रोजी दिलेल्या निर्णयाने धार्मिक कारणास्तव अपवादात्मक परवानगीचा मार्ग मोकळा केला. भाजीपाल्याची सोय काहींनी भाड्याच्या बागतुकड्यांवर केली. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात बर्लिन भिंतीच्या पश्चिमेस, परंतु पूर्व बर्लिनच्या मालकीच्या एका बेवारस तुकड्यावर ओस्मान कालिन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी केलेली बाग यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय.

पर्यायी जिन्नसांत पीठ आणि दुग्धपदार्थ यांना विशेष महत्त्व आहे. जर्मन पिठावरील क्रमांक शंभर ग्रॅम शुष्क पिठात जाळल्यानंतर उरणारी खनिजे मिलिग्रॅममध्ये दर्शवितो. ४०५ क्रमांकाच्या पिठात ती ५०० पर्यंत, तर ५५० क्रमांकाच्या पिठात ५१० ते ६३० इतकी असतात. हा क्रमांक प्रथिनांचा निदर्शक नसून गव्हाचे बाह्यस्तर पिठात कितपत उतरले आहेत एवढेच तो सांगतो; तथापि केकसाठी मानलेले ४०५ चे पीठ व्यवहारात पुष्कळदा मऊ व कमी ताणाचे निघते. युफ्का, म्हणजे लांब बारीक लाटण्याने पारदर्शक होईतो लाटलेली पोळी, करताना ते फाटण्याचा संभव असतो. त्यामुळे ब्योरेक (युफ्कात सारण भरून भाजलेला पदार्थ) घरी करणाऱ्या स्त्रिया बहुधा ५५० चे पीठ पसंत करतात व कणीक अधिक वेळ झाकून ठेवतात. दह्याच्या बाबतीत उलट घडले. साडेतीन टक्के स्निग्धांशाचे जर्मन दही पातळ वाटे, पण क्वार्क हा आपल्याकडील चक्क्याशी मिळताजुळता पदार्थ स्वस्त व सर्वत्र उपलब्ध होता. ब्योरेक व पोआचा (सारण भरलेला लहान पाव) यांच्या सारणात लोर या ताज्या चीजऐवजी तो आला, तसेच लसूण व पुदिना घालून केलेल्या घट्ट कोशिंबिरीतही. दहा टक्के स्निग्धांशाचे तुर्की धर्तीचे दही पुढे जर्मनीतच तयार होऊ लागले, तरी क्वार्क मागे हटला नाही. अडचणीपोटी स्वीकारलेला जिन्नस अडचण सरल्यावरही टिकतो तेव्हा तो रुचीचा भाग झाला असे समजावे. या दृष्टीने क्वार्क हा या पाकपद्धतीचा सर्वांत खात्रीलायक पुरावा आहे.

अभ्यासकांचे लक्ष सर्वाधिक वेधले आहे ते मांती आणि माउलटाशन यांच्या साम्याने. मांती हे कणकेच्या चिमुकल्या पुरचुंड्यांत खिमा-कांद्याचे सारण भरून उकडलेले अन्न असून त्यावर लसणीचे दही आणि तांबडी मिरची घातलेले तापवलेले लोणी ओततात. कायसेरीत एका चमच्यात चाळीस मांती मावाव्यात असा लौकिक आहे. माउलटाशन हा श्वाबियाचा पदार्थ आकाराने कितीतरी मोठा असून त्यात मांस, पालक, कांदा व भिजवलेला पाव भरतात. तो कढणात किंवा कापून अंड्यासह परतून खातात. मांतीचा उगम मध्य आशियात असावा याविषयी फारसे दुमत नाही; मंगोल दरबारासाठी १३३० मध्ये सिद्ध झालेल्या चिनी आहारग्रंथात याच नावाशी जुळणारे पदार्थ आढळतात आणि पंधराव्या शतकातील ऑटोमन पाककृतींत मांती येते. माउलटाशनचा उगम मात्र वादग्रस्त आहे. उपवासकाळात मांस देवाच्या नजरेआड करण्यासाठी माउलब्रोन मठातील सिस्टर्शियन साधूंनी ते कणकेत लपविले, ही कथा लोकप्रिय असली तरी ती नावावरून मागाहून रचलेली दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्ह्युर्टेम्बर्गमध्ये आश्रय घेतलेल्या वाल्डेन्सियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आल्प्सपलीकडून हा पदार्थ आणला, असे दुसरे मत आहे. त्यालाही भक्कम लेखी आधार नाही, तथापि उत्तर इटलीतील भरलेल्या पोळ्यांशी असलेले रचनेतील साम्य पाहता आल्प्सकडील मार्ग अधिक संभवनीय वाटतो. दोन्ही पदार्थ एकाच पूर्वेकडील मूळापासून निघाले, असे म्हणणाऱ्यांची भिस्त केवळ आकारसाम्यावर आहे, आणि कणकेत सारण भरण्याची युक्ती स्वतंत्रपणे अनेक ठिकाणी सुचण्याजोगी आहे. गृहपाकाच्या दृष्टीने उगमापेक्षा हे साम्य उपयोगी पडले, ही बाब महत्त्वाची आहे. श्वाबियातील तुर्की घरांत डुकराचे मांस वगळून गोमांसाच्या खिम्याचे माउलटाशन केले जातात व त्यांवर कढणाऐवजी लसणीचे दही येते. पालकाचे सारण दोन्ही परंपरांना आधीच परिचित होते. ‘श्वेबिशे माउलटाशन’ या नावाला २००९ मध्ये यूरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. ते अर्थातच विक्रीच्या मालाला लागू होते, घरच्या पातेल्याला नव्हे.

उत्तरेकडे हेच काम ग्र्यूनकोल या गड्डा न धरणाऱ्या कुरळ्या पानांच्या कोबीने केले. ब्रेमेन व ओल्डेनबुर्ग भागांत हिवाळ्यात तो पिंकेल या ओटमिश्रित धुरी दिलेल्या सॉसेजबरोबर शिजवतात. काळ्या समुद्राकाठच्या लोकांना त्याच जातीचा कारालाहाना ठाऊक असल्याने, मक्याचे पीठ व घेवडा घातलेले त्यांचे दाट सार ग्र्यूनकोलवर सहज जमले. आणि जर्मन धर्तीने शिजवताना पिंकेलच्या जागी सुजुक हे लसूण-मसाल्याचे वाळविलेले गोमांस सॉसेज आले. सुजुक जर्मनीतच, विशेषतः कोलोनमध्ये, मोठ्या प्रमाणावर तयार होते. कोबीच्या पानांत भात-खिम्याचे सारण गुंडाळलेला सार्मा व जर्मन कोबी-रोल यांचेही असेच झाले, मात्र तेथे दोन्ही बाजूंचे पदार्थ पूर्वीपासून इतके सारखे होते की मिश्रण कोठे सुरू झाले हे ठरविणे कठीण आहे. ऱ्हाइनकाठच्या किसलेल्या बटाट्याच्या थालीपिठांवर सफरचंदाच्या गराऐवजी दही घेणे, मेजवानीत बटाट्याच्या सॅलडशेजारी बुल्गुरचे किसिर हे सॅलड मांडणे, हे सर्वपरिचित आहे.

ड्योनर कबाबविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, उभ्या सळईवर मांस भाजून कापण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील असून जेम्स रॉबर्टसन यांचे मानले जाणारे १८५५ चे छायाचित्र हा तिचा जुना पुरावा होय. श्रेय बुर्सा व कास्तामोनू या दोन्ही शहरांकडे दिले जाते. पावात भरून विकण्याचा मान कादिर नुरमान (बर्लिन, १९७२) यांना २०११ मध्ये ड्योनर उत्पादकांच्या संघटनेने दिला, तरी रॉइटलिंगेन येथील १९६९ चा दावा आणि बर्लिनमधीलच इतर दावे आहेत. ही कल्पना थोड्याफार फरकाने एकाच सुमारास अनेकांना सुचली असणे अधिक शक्य आहे. तुर्कस्तानने २०२२ मध्ये यूरोपीय संघाकडे या पदार्थाच्या पारंपरिक स्वरूपाच्या संरक्षणासाठी अर्ज केला व २०२४ मध्ये जर्मनीने त्यावर हरकत घेतली. घरात मात्र उभी सळई नसते.

गोड पदार्थांत बाकलावासारख्या सणाच्या पक्वान्नांत फारसा बदल झाला नाही. रोजच्या चहाबरोबर जर्मन धर्तीचे साचातील केक आले. १९८३ च्या परतीस साहाय्य करणाऱ्या कायद्यानंतर लाखो लोक तुर्कस्तानात परतले, आणि त्यांच्याबरोबर ओव्हन, केकचे साचे व जर्मन बेकिंग पावडरच्या पुड्याही गेल्या. तुर्की मिठाईदुकानांतील ‘आल्मान पास्तासी’, म्हणजे दुधाची घट्ट मलई भरलेला पिठीसाखर भुरभुरलेला गोल पाव, बर्लिनच्या तळलेल्या भरल्या पावाची आठवण करून देतो. पण त्याचा संबंध परतलेल्या कामगारांशी जोडण्यास नावापलीकडे आधार दिसत नाही.