पालीचं नाव कोणत्या बाटलीत आहे?

सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आता वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असते. खडकावर बसलेल्या पालीचा सुरेख फोटो आणि खाली ओळ: 'डीएनए चाचणीतून शिक्कामोर्तब.' बातमी खरी असते, पण या ओळीमुळे वाचकाचा गैरसमज होतो. रक्त तपासायला दिलं की कागदावर 'मलेरिया' असं उत्तर येतं, तसंच पालीचा तुकडा यंत्रात घातला की प्रजातीचं नाव बाहेर येत असणार, असं वाटायला लागतं.

डीएनए नाव सांगत नाही. ही पाल कोणाची किती जवळची नातलग आहे, एवढंच तो सांगतो. नाव बांधलेलं असतं एका बाटलीतल्या एका मृत पालीला. ती बाटली मुंबईत असेल, लंडनला असेल, आणि कधीकधी तिच्यावर चुकीच्या देशाची चिठ्ठी असते. प्रजाती ठरवण्याचं निम्मं काम या बाटलीभोवती फिरतं आणि बातमीत नेमका तोच भाग येत नाही.

आधी रानातलं काम. उदाहरण म्हणून सह्याद्रीतल्या निमास्पिस वंशाच्या पाली घेऊ. या पाली बहुतेक दिवसा हिंडणाऱ्या, डोळ्याची बाहुली गोल, बोटं बारीक आणि नखांची. भिंतीवर चिकटणाऱ्या घरच्या पालींसारखी रुंद गादी त्यांच्या बोटांखाली नसते. बऱ्याच प्रजाती जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब, शेपूट सोडून. दिवसा त्या चपळ असतात. रात्री पानावर, बुंध्यावर किंवा कपारीत निजलेल्या सापडतात, म्हणून डोक्याला बॅटरी बांधून अंधार पडल्यावर शोधणं सोपं जातं. पकडताना तळहाताने सगळं अंग झाकायचं, शेपटीला हात लावायचा नाही. शेपूट तुटली की ती पुन्हा उगवते खरी, पण नव्या शेपटीवर मूळच्या खवल्यांची आणि उंचवट्यांची मांडणी येत नाही. शेपटीवरचे उंचवटे हे ओळखीचं महत्त्वाचं लक्षण, त्यामुळे तुटक्या शेपटीचा नमुना अर्धवटच राहतो.

संग्रहासाठी पाली घेण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. एका ठिकाणाहून मोजक्याच घ्यायच्या, पण त्यांत पूर्ण वाढलेला नर हवाच. नराच्या मांडीच्या खालच्या बाजूला आणि अवस्कराच्या (मलमूत्राच्या द्वाराच्या) पुढे खवल्यांमध्ये बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून मेणासारखा स्राव येतो. छिद्रं किती, ती सलग आहेत की मधे बिनछिद्राचे खवले आहेत, यावर पुष्कळ काही ठरतं. 2009 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातून वर्णन झालेली निमास्पिस कोल्हापुरेन्सिस वेगळी ठरली ती मुख्यतः छिद्रांच्या एकाच सलग रांगेमुळे. नुसत्या माद्या सापडल्या असत्या तर हे कळलंच नसतं.

पाल हाती आल्यावर कामाचा क्रम चुकवून चालत नाही. पहिल्यांदा जिवंतपणी फोटो, कारण अल्कोहोलमध्ये पिवळा रंग भराभर उडतो. आंबोलीच्या निमास्पिस फ्लॅविव्हेंट्रॅलिसचं नावच तिच्या पिवळ्या पोटावरून पडलं आहे. बाटलीत ते पोट फिकट दिसतं. मग भूल देऊन पाल मारायची आणि यकृताचा किंवा शेपटीच्या टोकाचा छोटा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये टाकायचा. उरलेली पाल फॉर्मॅलिनमध्ये जाते ती त्यानंतरच. फॉर्मॅलिन ऊती टिकवतं ते प्रथिनं एकमेकांना आणि डीएनएला घट्ट जोडून. शरीर टिकतं, पण डीएनए अशा गाठींनी भरून जातो आणि त्याचे तुकडे पडतात. आधी फॉर्मॅलिन आणि मग तुकडा, असा क्रम झाला तर प्रयोगशाळेत महिनाभर झटूनही हाती फारसं काही लागत नाही.

पाल ट्रेमध्ये पाय आणि बोटं पसरून ठेवायची, कारण एकदा ताठरली की वाकडी बोटं सरळ होत नाहीत आणि बोटांखालच्या पट्ट्या मोजता येत नाहीत. एक-दोन दिवसांनी पाण्याने धुऊन ती 70 टक्के इथेनॉलमध्ये कायमची ठेवतात. चिठ्ठी जाड कागदाची, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने लिहिलेली. साध्या बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी कोरी झाली की आत नुसती पाल उरते. ती कुठली, कोणत्या उंचीवरची, कधी पकडलेली, काहीच सांगता येत नाही आणि नमुना निरुपयोगी होतो.

प्रयोगशाळेतला भाग आता सर्वांना बराचसा माहीत आहे. पालींसाठी बहुतेकदा मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागातला, एनडी2 हा जनुक वाचतात, लांबी साधारण 1040 अक्षरं (ए, सी, जी, टी या चार घटकांची). डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्रात 95 अंशांना डीएनएचे दोन धागे सुटे होतात, 50 अंशांच्या आसपास प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) चिकटतात, 72 अंशांना नवा धागा विणला जातो. असे 35 फेरे झाले की हिशेबाने एका प्रतीच्या 3400 कोटींहून जास्त प्रती होतात. हेच धोक्याचंही आहे: हातमोज्याला लागलेला दुसऱ्या पालीचा कणही तितकाच वाढतो. म्हणून दर वेळी एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालतात. त्या नळीत काही वाढलं तर सगळा प्रयोग टाकून द्यायचा. एनडी2 प्रथिन बनवणारा जनुक आहे, त्यामुळे मधेच 'इथे थांबा' सांगणारी तीन अक्षरं दिसली तर संशय घ्यायचा. मायटोकाँड्रियातला तुकडा फार पूर्वी केंद्रकात जाऊन निकामी झालेला असतो आणि चुकून तोच वाचला गेलेला असतो.

आता समजा, दोन पालींच्या 1040 अक्षरांपैकी 80 वेगळी निघाली. फरक सुमारे पावणेआठ टक्क्यांचा. मग दोन प्रजाती का? इथे घाई नडते. समजा एक पाल महाबळेश्वरची होती, दुसरी आंबोलीची, आणि मधलं कोयना-राधानगरी तपासलंच नाही. मधल्या डोंगरांवर तीच पाल थोड्याथोड्या फरकाने सलग पसरलेली असू शकते. टोकाचे दोनच नमुने पाहिले की जिथे चढण आहे तिथे कडा दिसतो. शिवाय मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. माद्या जागा न सोडणाऱ्या आणि नर लांब भटकणारे असतील, तर आईच्या बाजूची वंशावळ दोन भागांत तुटलेली दिसते, पण प्रत्यक्षात संकर चालूच असतो. म्हणून केंद्रकातले जनुकही वाचावे लागतात, आणि छिद्रं, खवले, पट्ट्या हे सगळं मोजून जनुकांनी पाडलेले गट शरीरावरही दिसतात का, ते बघावं लागतं. इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा आकडा कुठल्याही नियमात नाही.

हे सगळं जुळलं, वेगळी प्रजाती आहे हे नक्की झालं. तरीही ती 'नवी' आहे हे अजून ठरलेलं नाही. कदाचित तिला दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी नाव दिलं असेल.

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. एकाच प्रजातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं. हिशेब 1758 पासून, म्हणजे लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होतो. म्हणजे डीएनएने पालीचे चार गट पाडले, तर पुढचा प्रश्न असा: आधीच अस्तित्वात असलेल्या नावांचे होलोटाइप या चारांपैकी कोणत्या गटात पडतात?

घरांत आणि आसपास दिसणारी ठिपक्याठिपक्यांची, खरबरीत पाठीची पाल घ्या. हिला वर्षानुवर्षं हेमिडॅक्टिलस ब्रूकी म्हटलं गेलं. हे नाव जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1845 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या नमुन्यांवरून दिलं आणि प्राप्तीस्थान म्हणून लिहिलं: बोर्निओ आणि ऑस्ट्रेलिया. भारताचा उल्लेखच नाही! पुढे 1884 मध्ये जेम्स मरे यांनी सिंधमधल्या पालीला हेमिडॅक्टिलस ग्लेडोवी हे नाव दिलं, ग्लेडो नावाच्या अभ्यासकाच्या सन्मानार्थ. तीन वर्षांनी, 1887 मध्ये, या ग्लेडो यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात डांग-धरमपूर भागातल्या पालीला नाव दिलं हेमिडॅक्टिलस मरेई, मरे यांच्या सन्मानार्थ. दोघांनी एकमेकांची नावं पालींना दिली. नंतरच्या अभ्यासकांना या पाली सारख्याच वाटल्या आणि दोन्ही नावं ब्रूकीच्या पोटात गेली.

जनुकं वाचायला लागल्यावर 'ब्रूकी' ही एक प्रजाती नसून अनेक आहेत हे दिसलं. 2016 मध्ये अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि प्रवीण कारंथ यांनी जनुकं आणि शरीरमोजणी एकत्र ठेवून भारतातला हा गुंता बराच सोडवला. अशा वेळी थेट नवी नावं देऊन चालत नाही. ग्लेडोवी आणि मरेई या नावांना आपापल्या पाली आधी परत द्याव्या लागतात. पण जुन्या होलोटाइपमधून डीएनए काढणं अवघड आणि महागडं. संग्रहालयं तुकडा कापायला सहज परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण तो नमुना जगात एकच असतो. मग उपाय उरतो मूळ प्राप्तीस्थानी जाऊन तिथून ताजी पाल आणण्याचा. तिची छिद्रं, खवले, पाठीवरच्या उंचवट्यांच्या रांगा जुन्या नमुन्याशी जुळल्या, तर तिच्या डीएनएला ते नाव लावता येतं. धरमपूरच्या रानात हे जमतं. 'बोर्निओ आणि ऑस्ट्रेलिया' एवढंच लिहिलेल्या नमुन्याची ताजी पाल आणायला नेमकं कुठे जायचं? या एका ढिसाळ नोंदीमुळे हा गुंता आणखी वाढला.

इतक्या बारकाईने अभ्यासल्या जाणाऱ्या या प्राण्याबद्दल आपल्याकडे अजून 'चुकचुकली म्हणजे खरं' आणि पंचांगातलं पल्लीपतन (अंगावर पाल पडण्याचे शकुन-अपशकुन) चालू आहे, याचं फार वाईट वाटतं. चुकचुकणं ही एका पालीने दुसरीला दिलेली हाक असते: ही जागा माझी, किंवा मी इथे आहे. आपल्या बोलण्याशी तिचा संबंध नाही. आणि घरातली पाल विषारीही नसते. अन्नात पडून त्रास होतो तो तिच्या विष्ठेतल्या साल्मोनेलासारख्या जिवाणूंमुळे. म्हणून अन्न झाकावं, पाल मारू नये.

एक अडचण अजून शिल्लक आहे. डीएनएचे क्रम जेनबँक या जागतिक संग्रहात कोणालाही पाहता येतात, पण नाव बदललं तरी तिथल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा तशाच राहतात. भारतातल्या पालींचे कितीतरी क्रम 'ब्रूकी' याच नावाखाली भरले गेले. आज कोणी आपल्या पालीचा क्रम तिथे ताडून पाहिला आणि 99 टक्के जुळणी 'ब्रूकी'शी आली, तर ती जुळणी खरी असू शकते आणि नाव खोटं. म्हणून जाणकार अभ्यासक नोंदीतलं नाव सोडून आधी नमुन्याचा क्रमांक बघतो: हा क्रम कोणत्या संग्रहालयातल्या कोणत्या पालीचा, ती कुठे पकडली. तो क्रमांक नसेल, तर ती नोंद नाव ठरवण्यासाठी वापरत नाहीत.