लाकडाचं मिथेनॉल पुन्हा लाकडाकडे

मिथेनॉल हे नाव आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पडतं ते विषारी दारूच्या बातमीत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती यानेच. तेच द्रव्य आता मालवाहू जहाजांच्या टाक्यांत इंधन म्हणून भरतात.

हे मूळचं लाकडाचंच. रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये लाकूड तापवून, निघालेली वाफ थंड करून ते वेगळं काढलं. पुढे कितीतरी वर्षं त्याला ‘वुड स्पिरिट’च म्हणत. १९२३ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीने ते वायूंपासून कारखान्यात बनवायला घेतलं आणि लाकूड मागे पडलं. आज जगातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून होतं.

मग परत काडीकचऱ्याकडे वळायला अडतं कुठे? हायड्रोजनपाशी. जैवभार, म्हणजे लाकूड-काडीकचऱ्यासारखा माल, मोजकाच ऑक्सिजन देऊन खूप तापवला की त्यातून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतात. मिथेनॉलच्या एका रेणूसाठी पहिल्याचा एक आणि दुसऱ्याचे दोन रेणू लागतात. पण सुक्या लाकडाच्या वजनात हायड्रोजन जेमतेम ६ टक्के! ही तूट भरायला थोड्या कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी क्रिया घडवतात. हायड्रोजन मिळतो, पण तेवढा कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो. झाडाने हवेतून कणाकणाने वेचलेला कार्बन आपण असा उधळायचा, हे मला तरी खटकतं. सौर किंवा पवन विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन वरून दिला, तर ही नासाडी बरीच टळते. खर्च मात्र वाढतो. शिवाय निघालेल्या वायूतलं डांबर आणि गंधक आधी धुऊन काढावं लागतं, नाहीतर मिथेनॉल बनण्याची क्रिया घडवणारा तांबं-जस्ताचा नाजूक उत्प्रेरक निकामी होतो.

स्वीडनमधल्या सोड्रा या कंपनीने ही सगळी यातायातच टाळली. मॉन्स्टेरोस इथल्या तिच्या कारखान्यात कागदाच्या लगद्यासाठी लाकूड रसायनांत शिजवतात. तेव्हा लाकडातल्या रेणूंवरचे छोटे गट तुटून आपोआप मिथेनॉल तयार होतं. ते घाणेरडं, गंधकाच्या उग्र वासाचं असतं. २०२० पासून सोड्रा ते शुद्ध करून विकू लागली. क्षमता वर्षाला सुमारे ५,००० टन.

आता जहाजाची भूक पाहा. मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज ‘लॉरा मर्स्क’ २०२३ मध्ये पाण्यात उतरलं. हे तसं लहानच, २,१०० कंटेनरांचं. तरी त्याला वर्षाला सुमारे १०,००० टन मिथेनॉल लागेल, असा मर्स्क या जहाज कंपनीचा अंदाज होता. म्हणजे सोड्राच्या कारखान्याचं वर्षभराचं मिथेनॉल या एका जहाजाला सहा महिने पुरेल.

आपल्याकडे एका जागी आयता गोळा होणारा जैवभार म्हणजे साखर कारखान्यांतला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. पण तो तिथे शिजवत नाहीत, बॉयलरमध्ये जाळतात. त्यावरच कारखाना चालतो, उरलेली वीजही विकली जाते. त्यामुळे स्वीडनसारखं आयतं मिथेनॉल तिथे हाती लागत नाही. ते हवं असेल तर वायू करण्याचा लांबचा रस्ता धरावा लागेल, आणि बॉयलरसाठी दुसरं जळण शोधावं लागेल.