टी पेशी : घडण आणि विभेदन

टी पेशी हा रक्तातील लसीका पेशींचा (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) एक प्रकार आहे. त्यांचा उगम अस्थिमज्जेत होत असला, तरी घडण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्यांना हे नाव मिळाले. नवजात उंदरांची ही ग्रंथी काढल्यास त्यांच्यात लसीका पेशींची तूट पडते व परक्या त्वचेचे कलमही त्यांचे शरीर नाकारत नाही, असे झाक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. वाई (जि. सातारा) येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात हिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हटले आहे. संज्ञा अर्थवाही आहे, कारण वय वाढते तशी ग्रंथी आक्रसून तिची जागा मेद घेतो. मात्र ती पूर्णपणे लोपत नाही.

प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रतिजन (प्रतिकारयंत्रणेला जागे करणारा रेणू) ओळखणारा ग्राही म्हणजे ग्रहण करणारे प्रथिन असते. त्याची जनुके अखंड मिळत नाहीत. व्ही, डी व जे या जनुकखंडांच्या गटांतील एकेक तुकडा निवडून ते सांधले जातात आणि सांध्यांवर डीएनएची काही अक्षरे यदृच्छया वाढतात किंवा गळतात. त्यामुळे मोजक्या जनुकांतून कोट्यवधी वेगवेगळे ग्राही निर्माण होतात. आंधळेपणाने झालेल्या या निर्मितीत निरुपयोगी आणि घातक ग्राहीही असणारच, म्हणून पुढची चाळणी कठोर असते. ग्रंथीच्या बाह्य भागात, स्वतःच्या शरीरातील एमएचसी रेणूंना (पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या रेणूंना) मुळीच न ओळखणाऱ्या पेशी मरतात. आतील भागात एअर या जनुकामुळे इन्सुलिनसारखी इतर अवयवांची प्रथिनेही पेशींपुढे मांडली जातात आणि त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट होतात. काही मात्र प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक पेशी बनतात. शंभरांतील पाचही पेशी या परीक्षेतून बाहेर पडत नाहीत.

याच टप्प्यात सीडी८ हे पृष्ठभागावरील प्रथिन धारण करणाऱ्या मारक आणि सीडी४ हे प्रथिन धारण करणाऱ्या साहाय्यक पेशी वेगळ्या होतात. साहाय्यक पेशींचे पुढील विभेदन थायमसबाहेर, मुख्यतः लसीका ग्रंथींत, प्रतिजनाची गाठ पडल्यावर होते. त्या वेळी भोवती कोणते सायटोकाइन (पेशींमधील संदेशवाहक प्रथिने) आहेत, यावर त्यांची दिशा ठरते. टीएच१ व टीएच२ (टीएच म्हणजे ‘टी हेल्पर’, साहाय्यक टी पेशी) हे भेद मोसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये मांडले. टीएच१७ या आणखी एका भेदाची ओळख नंतर पटली. हे कप्पे वाटतात तितके बंदिस्त नसतात आणि परिस्थिती बदलल्यास काही पेशी आपले कार्यही बदलतात.

टीएच१ पेशींचे महत्त्व क्षयरोगात विशेष जाणवते. वाईहून पसरणीचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पाचगणीत १९१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी बेल एअर आरोग्यधाम सुरू झाले, तेव्हा प्रभावी औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा यांच्या आधाराने रुग्णाच्या प्रतिकारशक्तीलाच झुंजावे लागे. टीएच१ पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन स्रवून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवतात आणि जंतू पेशींच्या गाठीत कोंडले जातात. तेथे काही जंतू वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी घटल्या, की हाच दबलेला क्षय पुन्हा उफाळू शकतो.